पाण्यावरचा बंब: छोट्या फायर बोटीत नेमकं काय काय लागतं

19 नोव्हेंबर 2023 च्या रात्री विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात एक बोट पेटली. बोटी काठाला काठ लावून उभ्या होत्या. टाक्यांत डिझेल, खलाशांच्या स्वयंपाकाचे गॅस सिलिंडर, वर नायलॉनची जाळी आणि दोरांचे ढीग. आग विझेपर्यंत चाळीसच्या आसपास बोटी जळाल्या होत्या. पायाशी अख्खा समुद्र, आणि तरी पाणी पुरत नाही!

ससून डॉक, करंजा किंवा मिरकरवाड्याच्या एखाद्या नाखव्याला हे सांगितलं, तर तो एवढंच म्हणेल की आपल्याकडे अजून झालं नाही हे नशीब. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत आपल्या बंदरांतही बोटी अशाच खेटून उभ्या असतात, वर प्लॅस्टिकच्या ताडपत्रीने शाकारलेल्या. बंब येतो तो धक्क्यावर. पहिल्या रांगेतल्या बोटीवर तो पाणी मारतो, जोर लावला तर दुसऱ्या रांगेवरही. पेटलेली बोट चौथ्या रांगेत असली, तर होज खांद्यावर घेऊन डुलणाऱ्या बोटींवरून उड्या मारत जाण्यावाचून जवानाला दुसरा मार्ग नसतो. म्हणून आग गाठायला पाण्याच्या बाजूनेही कोणीतरी यायला हवं.

इथे बहुतेकांच्या डोक्यात येणारा विचार साधा असतो: एक बरी बोट घ्या, तिच्यावर पंप ठेवा, झाली फायर बोट. पाणी तर खालीच आहे. हा विचार अर्धा बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माणसं बुडतात.

आधी बरोबर असलेला अर्धा घेऊ. रस्त्यावरच्या बंबात 4,500 लिटरची टाकी आहे असं धरा. मिनिटाला 1,900 लिटर पाणी मारायला घेतलं, तर ती टाकी दोन-अडीच मिनिटांत रिकामी. मग टँकर, हायड्रंट, ट्रॅफिक, सगळं आलंच. बोटीला टाकी लागतच नाही. तिला न्यायची असते फक्त ताकद, म्हणजे पाणी उचलून जोराने फेकणारं इंजिन. ती ताकदही फार महाग नाही. मिनिटाला 1,900 लिटर पाणी 8 बार दाबाने फेकायला, पंपाची झीज-गळती धरून, साधारण 40 किलोवॅट लागतात. म्हणजे पन्नास-पंचावन्न हॉर्सपॉवर, एका मध्यम ट्रॅक्टरएवढं इंजिन. तासाला दहा-बारा लिटर डिझेलमध्ये लाखभर लिटर पाणी आगीवर पडतं. अग्निशमनात इतका स्वस्त सौदा दुसरा नाही.

लेखापुरती एक बोट डोळ्यांसमोर ठेवू: लांबी आठ-साडेआठ मीटर, रुंदी अडीच मीटर, चौघांचा ताफा, मिनिटाला 1,900 लिटरचा पंप. मोठ्या बंदरांतल्या टगबोटींसाठी ‘फायफाय-1’ नावाचा जो आंतरराष्ट्रीय दर्जा आहे, त्यात दोन तोफा, ताशी 2,400 घनमीटर पाणी, 120 मीटर लांब आणि 45 मीटर उंच फेक, आणि चोवीस तास पुरेल इतकं इंधन मागितलं जातं. पाण्याच्या हिशेबात आपली बोट त्याच्या एकविसाव्या हिश्शाएवढी. तेलवाहू जहाजाशी झुंजणं हे तिचं काम नाही. मच्छीमार बोटी, प्रवासी लाँच, धक्क्यावरची बर्फाची गोदामं आणि जाळ्यांच्या शेड एवढा तिचा मुलूख.

पाणी पुढे, बोट मागे

आता उरलेला अर्धा. डेकवर बसवलेल्या पाण्याच्या तोफेला बंबवाले मॉनिटर म्हणतात. तिच्या तोंडाशी 7 बार दाब असेल, तर पाणी सेकंदाला 37 मीटर वेगाने सुटतं, ताशी जवळजवळ 133 किलोमीटर. 7 बार म्हणजे वीस-बावीस मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी आणि तळमजल्याचा नळ, असा दाब. दर सेकंदाला 32 किलो पाणी या वेगाने पुढे जातं, तेव्हा तेवढाच धक्का बोटीला मागे बसतो. हिशेब केला तर तो भरतो 1,200 न्यूटन. बाजारभाषेत सांगायचं, तर 120 किलोचं ओझं कोणीतरी दोरीने अखंड ओढतंय.

जमिनीवर हा धक्का बंबाची चाकं गिळून टाकतात. पाण्यावर तो गिळायला कोणी नाही. तोफ नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दिशेने सरळ पुढे मारली, तर बोट मागे सरकते. इंजिन थोडं पुढे रेटून सुकाणूवाला ते सांभाळू शकतो. तोफ आडवी वळवली, की दोन गोष्टी एकदम होतात: बोट बाजूला वाहत जाते आणि कलते.

किती कलते, हे तोफ किती उंचावर आहे त्यावर ठरतं. ती पाण्यापासून दोन-सव्वादोन मीटर उंच असेल, तर आडव्या माऱ्याने बोटीला जो पीळ बसतो, तो चार धट्ट्याकट्ट्या माणसांनी एकाच काठावर येऊन उभं राहण्याएवढा असतो. एरवी हे चालून जाईल. पण खरोखरची चार माणसं त्याच काठाला लटकून बुडणाऱ्या खलाशाला वर ओढत असतील, वरून एखादी लाट आली असेल, तर दोन्ही मिळून काठ पाण्याखाली जातो. म्हणून छोट्या बोटीवर तोफ केबिनच्या टपावर नको, नाळेजवळच्या डेकवर, जमेल तितकी खाली हवी. केबिनच्या टपावर ती फोटोत रुबाबदार दिसते, हे कबूल.

अशा एका चाचणीला मी हजर होतो. बोट कोणाची आणि बंदर कुठलं, ते राहू द्या. तोफ टपावरच होती. समोरून मारा झाला, टाळ्या झाल्या. मग कोणीतरी हौसेने ती आडवी वळवायला सांगितलं. बोट कलली, डेकवरचे चहाचे कप घरंगळत गेले, आणि बोट शेजारच्या लाँचला जाऊन टेकली. सुकाणूवाल्याने घाबरून ‘बंद कर’ म्हटलं आणि पंपवाल्याने झडप एका दमात बंद केली. त्या क्षणी मागचा धक्का नाहीसा झाला. पण धक्क्याला तोलायला लावलेलं इंजिन अजून चालूच होतं. बोटीने उसळी घेतली. कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मला पक्कं कळलं की पाणी चालू करण्याआधी जेवढं ओरडून सांगायचं, तेवढंच ते बंद करण्याआधीही सांगायचं असतं. झडपही अशी हवी की हळूहळूच फिरेल. झटक्यात बंद केली तर आतलं पाणी नळांवर हातोड्यासारखं आदळतं, तो त्रास वेगळाच.

यातून रचनेच्या काही मागण्या आपोआप निघतात. बोटीचं बूड रुंद हवं. जड वस्तू खाली हव्यात. तोफेच्या फिरण्याला खिळा घालून मर्यादा हवी, म्हणजे पूर्ण दाबाने ती काटकोनात जाणारच नाही. मुख्य म्हणजे पंपाचं इंजिन आणि बोट चालवणारं इंजिन वेगळं हवं. पैसे वाचवायला एकाच इंजिनातून दोन्ही कामं घेतात. मग पंपाला वेग हवा म्हणून इंजिन पळवलं की बोट धावते, आणि बोट थांबवायला इंजिन उतरवलं की धार मंदावते. आगीपासून वीस मीटरवर जागच्या जागी उभं राहायचं असताना ही कुतरओढ नको. मोठ्या बोटींत क्लच आणि गिअरने ती सोडवता येते. आठ मीटरच्या बोटीत दुसरं छोटं इंजिन ठेवणं सोपं, आणि एक बंद पडलं तर दुसरं आहे हा दिलासाही.

पाणी आत कसं घ्यायचं

बंदरातलं पाणी म्हणजे नळाचं पाणी नव्हे. मुंबईच्या खाडीत हात घातला तर आधी प्लॅस्टिकची पिशवी हाती लागते, मग थर्माकोल, मग गाळ. पंप हे सगळं ओढून घेतो आणि पहिल्या पाच मिनिटांत गुदमरतो. म्हणून तळाला पाणी घ्यायची दोन तोंडं हवीत, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. प्रत्येकावर बाहेरून जाड गज, आत गाळणी. एक गाळणी उघडून साफ करताना दुसरीवर पंप चालू राहायला हवा. गाळणीचं झाकण चार नट फिरवून निघणारं नको, हाताने उघडणारं हवं. रात्री, धुरात, हातमोजे घालून ते उघडायचं असतं.

तोंडं पुरेशी खोल आणि मध्याजवळ हवीत. काठाजवळ असली, तर बोट कलताच एक तोंड पाण्याबाहेर येतं, हवा आत शिरते आणि धार मरते. बंबाच्या पंपाला हवा ओढता येत नाही. पात्यांना धरायला पाणी लागतं. म्हणून पंपाची जागा बोटीबाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असेल, तर उत्तम. झडप उघडली की पाणी स्वतःहून पंपात येतं. पंप वर डेकवर बसवला, तर आधी आतली हवा काढून पाणी चढवायची खटपट करावी लागते. पंप प्राइम होईपर्यंतचा तो अर्धा-एक मिनिट फार लांबलचक असतो.

नळ किती जाड, यावरही भांडणं होतात. 1,900 लिटरला 150 मिलिमीटरचा शोषनळ दिला, तर पाणी सेकंदाला दोन मीटरपेक्षा कमी वेगाने शांतपणे येतं. 100 चा दिला तर वेग दुपटीच्या वर जातो आणि पंप खडखडायला लागतो. आत पाण्याच्याच वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि पाती कुरतडतात. नळ थोडा जाड घेतला म्हणून कोणी शिव्या दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

उथळपणाचं काय? मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. सुकतीला कित्येक धक्क्यांपुढे चिखलच उरतो. बोटीचा तळ पाण्यात साठ-सत्तर सेंटिमीटरपेक्षा खोल जात असेल, तर आग लागण्याची वेळ ओहोटीने ठरवावी लागेल. इथे पंखा की वॉटरजेट, म्हणजे पाणी आत ओढून जोराने मागे फेकत बोट ढकलणारं यंत्र, हा वाद येतो. जेटला खाली लोंबणारा पंखा नसतो, म्हणून उथळ पाण्यात तो बरा. पण पिशव्या त्याला गुदमरवतात. पंख्याला जाळी आणि दोर गुरफटतात, आणि पेटलेल्या मासेमारी बंदरात तुटके दोर तरंगत असतातच. माझं मत विचाराल, तर जेट घ्या, पण त्याच्या तोंडावरची जाळी डेकवरून हात घालून साफ करता यायला हवी. बोटीच्या मागे बाहेरून लटकवलेली, पेट्रोलवर चालणारी आउटबोर्ड इंजिनं मात्र या कामाला नकोत. ती उचलून साफ करणं सोपं असतं, स्वस्तही पडतं. पण शून्याखाली चाळीस अंशांवरही जिची वाफ पेटू शकते, अशा पेट्रोलच्या टाक्या घेऊन आगीजवळ जाणं म्हणजे आगीला दारूगोळा पुरवणं. त्यापेक्षा डिझेल बरं.

डिझेल इंजिनाचीही एक खोड माहीत असावी. पेटलेल्या बोटीतून गॅस गळत असेल आणि तो हवेबरोबर इंजिनात शिरला, तर इंजिन त्या गॅसवरच सुसाट पळतं. चावी बंद केली, डिझेल तोडलं, तरी थांबत नाही. ते थांबवायचा एकच उपाय, हवा तोडणं. म्हणून हवेच्या नळीवर झटक्यात बंद होणारी झडप हवी. तिची किंमत इंजिनाच्या मानाने किरकोळ.

आपल्याच पाण्याने बुडणं

आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, ती. 9 फेब्रुवारी 1942 रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ या प्रचंड फ्रेंच प्रवासी जहाजाला आग लागली. युद्धासाठी त्याचं सैनिकवाहू जहाजात रूपांतर चालू होतं. लोखंड कापताना उडालेल्या ठिणग्या लाइफ जॅकेटांच्या ढिगावर पडल्या. बंबांनी धक्क्यावरून आणि फायर बोटींनी नदीतून पाणी ओतलं. आग आटोक्यात आली. पण पाणी वरच्या मजल्यांवर साठून राहिलं होतं. जहाज एका बाजूला कलत गेलं आणि 10 तारखेच्या पहाटे आडवं झालं. जहाजाचा मूळ रचनाकार व्लादिमीर युर्केविच धक्क्यावर पोहोचला होता. त्याचं म्हणणं होतं, तळाच्या झडपा उघडा, जहाज सरळ खाली बसू द्या, तळ जवळच आहे. पोलिसांनी त्याला आतच सोडलं नाही.

हे का घडतं, ते स्वयंपाकघरात करून बघता येतं. मोठी परात अर्धी पाण्याने भरा आणि उचलून चाला. जरा तिरकी झाली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी तिरकी होते. तेवढंच पाणी चार बाटल्यांत भरून परातीत ठेवा, काही होत नाही. वजन तेच, पण धावायची मुभा गेली. बोटीत सपाट पसरलेलं पाणी परातीसारखं वागतं. आपली तोफ मिनिटाला जवळजवळ दोन टन पाणी ओतते. बारा-पंधरा मीटरच्या ट्रॉलरमध्ये पाच मिनिटं ते पाणी गेलं, तर आग विझो न विझो, ट्रॉलर उलटायची तयारी करते. उलटली की टाकीतलं डिझेल पाण्यावर पसरतं. मग आगीला आता होड्यांची नव्हे, सबंध बंदराची वाट मोकळी.

म्हणून धार सारखी सरळ आणि पूर्ण जोराने मारणं हा अनाडीपणा. शिवाय सरळ धारेतलं बरंचसं पाणी आगीतून नुसतं आरपार जातं. तीस अंशांचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. चहाचं आधण पटकन येतं, पण भांडं आटायला किती वेळ लागतो, ते आठवा. पाण्याची खरी किमया या वाफ होण्यात आहे, आणि बारीक थेंबांची वाफ लवकर होते. तेव्हा तोफेचं तोंड असं हवं की धारेपासून फवाऱ्यापर्यंत फिरवता येईल. धार लांबून पोहोचायला, फवारा जवळ गेल्यावर. धारेचा जोरही विसरू नका. तीच 120 किलोंची ढकल समोरच्या पेटत्या बोटीलाही बसते आणि तिला शेजारणींच्या अंगावर लोटते.

स्वतःच्या बोटीतही परातीचा नियम लागू आहे. डेकवर आलेलं पाणी आपोआप बाहेर जायला काठांना मोठ्या फटी हव्यात. फोमची टाकी रुंद-उथळ नको, अरुंद आणि आत आडव्या पट्ट्या असलेली हवी, बोटीच्या मध्यावर आणि खाली.

फोमचं गणित बहुतेकांना हादरवतं. डिझेलच्या आगीवर नुसतं पाणी मारलं, तर डिझेल पाण्यावर तरंगत पेटतंच राहतं. फेसाची चादर त्यावर हलकेच पसरावी लागते, म्हणजे वाफ आणि हवा एकमेकांपासून तुटतात. हा फेस करायचं द्रावण पाण्यात साधारण 3 टक्के मिसळतात. आपली तोफ पूर्ण चालवली, तर मिनिटाला 57 लिटर द्रावण जातं. 200 लिटरचं पिंप साडेतीन मिनिटांत संपलं! म्हणून छोट्या बोटीवर फोम तोफेतून नको. त्यासाठी मिनिटाला 450 लिटरची वेगळी हाती नळी ठेवावी. तेच पिंप मग पंधरा मिनिटं पुरतं. द्रावण खाऱ्या पाण्यात चालणारं आहे ना, हे घेतानाच बघावं. जुन्या प्रकारच्या फोममधली फ्लोरिनयुक्त रसायनं पाण्यात वर्षानुवर्षं टिकून राहतात. मासे जिथे विकायचे तिथेच ती ओतायची नसतील, तर फ्लोरिनविरहित फोम मागावा.

तोफेपेक्षा दोर महत्त्वाचा

हे वाचून बोटी विकणारे रागावतील, पण मासेमारी बंदरातल्या छोट्या फायर बोटीचं सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे तोफ नव्हे. ते आहे मागच्या बाजूला भक्कम बसवलेला खुंट आणि त्याला बांधलेला ओढदोर. पहिल्या दहा मिनिटांत पेटलेली बोट रांगेतून ओढून मोकळ्या पाण्यात नेली, तर जळते ती एकच बोट. नाही नेली, तर विशाखापट्टणम होतं.

ओढायला दोर नुसता नायलॉनचा नको. पेटत्या बोटीकडचे चार-पाच मीटर साखळी किंवा तारेचे हवेत, नाहीतर दोर आधी जळतो. टोकाला, विहिरीत पडलेली बादली काढायला वापरतात तसा चार आकड्यांचा गळ, लांबून फेकता येईल असा. शेजारच्या बोटींना बांधलेले दोर तोडायला लांब दांड्याचा कोयता आणि नांगराच्या साखळीसाठी बोल्ट कटर. ओढताना काही बिघडलं, तर आपला दोर एका फटक्यात सुटेल असा हूक. दुसऱ्या बोटीने ओढून आपल्याला उलटवण्याचा धोका टगबोटवाल्यांना चांगला ठाऊक असतो. पेटती बोट कुठे न्यायची, ते आधीच ठरलेलं हवं. वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धक्क्यापासून लांब, उथळ गाळाची जागा. नाहीतर सोडून दिलेली बोट वारा आणि भरती पुन्हा आणून सोडतात.

ओढून न्यायचा हा प्रश्न मुंबईला जुना आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजातला कापूस पेटला. त्याच जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं होती. जहाज बाहेर काढायचं, की जागीच बुडवायचं, की पाणीच मारत राहायचं, यावर घोळ चालू राहिला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान त्या दिवशी गेले. म्हणूनच 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन. तिथे आपल्या आठ मीटरच्या बोटीने काहीच केलं नसतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. पण निर्णय कोणी घ्यायचा, हे आधी ठरलेलं नसलं की काय होतं, ते तिथे दिसतं.

बाकी सामान भराभर सांगतो. बोटीचं अंग ॲल्युमिनियमचं असावं. फायबर हलका, स्वस्त, सहज दुरुस्त होणारा, पण त्यातलं रेझिन जळतं. ॲल्युमिनियमही निर्धास्त नाही. तीनशे अंशांपर्यंत जाताना त्याची निम्मी ताकद गेलेली असते. म्हणून बोटीच्या काठावर स्वतःला भिजवणारे छोटे फवारे लागतात, पंपातलं थोडं पाणी आपल्याच अंगावर. ॲल्युमिनियमच्या अंगाला पितळी झडपा थेट जोडू नयेत. खारं पाणी दोन धातूंमध्ये बॅटरी तयार करतं आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. धुरातून आगीचा गाभा दाखवणारा थर्मल कॅमेरा, सर्चलाइट, व्हीएचएफ रेडिओ, श्वसनाचे दोन संच. जवानांच्या अंगावरचा आगीचा पेहराव आणि बूट पाण्यात पडल्यावर दगड होतात, तेव्हा लाइफ जॅकेट त्या पेहरावाच्या वर घालता येईल असं घ्यावं. आणि काठाशी पाण्यापर्यंत उतरणारी एक शिडी. तोफेच्या नादात ती राहून जाते, आणि पाण्यात उडी मारलेल्या खलाशाला वर घ्यायला तीच लागते.

एक गोष्ट मात्र राहू नये: किनाऱ्याला पाणी देणारी तोंडं. 17 ऑक्टोबर 1989 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोत जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटले. मरिना भागातली आग विझवायला ‘फिनिक्स’ ही फायर बोट किनाऱ्याला लागली आणि खाडीचं पाणी होजांतून शहरात पोहोचवू लागली. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कमध्येही तेच झालं. 1931 साली बांधलेली ‘जॉन जे. हार्वी’ तोवर निवृत्त झाली होती. तिला पुन्हा बोलावलं गेलं, आणि तिने हडसन नदीचं पाणी कोसळलेल्या मनोऱ्यांच्या जागी पुरवलं. आपल्या बोटीला 63 मिलिमीटरची चार तोंडं हवीत, स्थानिक अग्निशमन दलाच्या होजांना खटकन बसणारी. जोडणी परदेशी मापाची निघाली, तर धक्क्यावर बंब, धक्क्याखाली बोट, आणि मधे दोन मीटरची दरी.

बोट ठेवायची तरंगत्या पॉन्टूनला, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या धक्क्याला, आणि तेही सुकतीलाही पाणी राहील अशा जागी. दर आठवड्याला पंप चालवायचा, नंतर गोड्या पाण्याने धुवायचा. नाहीतर पाणी घ्यायच्या तोंडांत कालवं आणि शिंपल्या घर करतात. अशा बोटी आगीत क्वचित संपतात. त्या संपतात धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत, दोन वर्षांत, आतून भरून.

आणि ताब्यात घेण्याआधीची चाचणी सकाळी दहाला, भरतीच्या स्वच्छ पाण्यात, नाळेला हार घालून घेऊ नका. अमावास्येच्या ओहोटीला, रात्री, बंदराच्या सर्वांत घाण कोपऱ्यात घ्या. चौघांना एका काठावर उभं करा, तोफ त्यांच्या विरुद्ध काठाकडे पूर्ण वळवा, म्हणजे धारेची ढकल आणि चौघांचं वजन एकाच बाजूला येईल. गाळणीसमोर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या सोडा आणि पंप तासभर चालू ठेवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला, तर चहा पिऊन परत या.